सव्वासात मीटरचं घर आणि उद्याची बोट

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणारं कुटुंब, नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी. जूनमध्ये सांगलीहून आई-बाबा येणार, वडील ७१ वर्षांचे, आई ६६. चौदा दिवस मोटरहोम, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची बेटं करायची. ओबान बंदरातून मल बेट, परत ओबान, तिथून बारा नावाचं बेट, मग एरिस्के, यूइस्ट, हॅरिस, लुईस ही बेटं असं वर सरकत, लुईसवरच्या स्टॉर्नोवेहून मुख्य भूमीवरच्या अलापूलला उतरायचं. एकूण सहा फेऱ्या, म्हणजे गाडीसकट बोटीने सहा प्रवास. सहा बर्थची मोठी गाडी बघून ठेवली आहे. आईला बोट लागते. घरात कुणी अंडंही खात नाही. करावं का, आणि फेरी रद्द झाली तर काय?

करा, जरूर करा. पण हा आराखडा नको आणि ती गाडी तर अजिबातच नको. कारण सांगायला जरा वेळ लागेल.

मी मूळचा गुहागर तालुक्यातला. आमच्याकडे धोपाव्याहून दाभोळला जंगलजेटीने जायचं म्हणजे धक्क्यावर गाडी लावायची, तिकीट काढायचं आणि समोरून येणारी बोट बघत उभं राहायचं. ही भरली तर पुढची. वाशिष्ठीच्या खाडीला फार वेळ लागतो असं नाही. लीड्सला आल्यावर २०११ साली पहिल्यांदा मोटरहोम घेऊन बेटांवर गेलो, तेव्हा माझ्या डोक्यात तीच जंगलजेटी होती. नाही मिळाली ही, तर पुढची मिळेल!

नॉर्थ यूइस्टच्या लॉखमॅडी धक्क्यावर ती समजूत उतरली. सकाळी सहाला फोनवर संदेश आला, वाऱ्यामुळे आजची बोट रद्द. पाऊस नाही, लख्ख ऊन, फक्त वारा. चूक कुणाची नव्हती. एवढी उंच बोट आडव्या वाऱ्यात धक्क्याला लावणं कप्तानाला धोक्याचं वाटलं, की विषय संपतो. खवळलेला समुद्रच नव्हे, धक्क्यावरचा आडवा वाराही फेऱ्या खातो, हे तेव्हा कळलं. रांगेत आमच्यामागे एक तरुण जोडपं होतं, छोट्या हॅचबॅकमध्ये. रात्री थंडीत गाडीत बसून बिस्किटं खात होते, म्हणून हिने त्यांना आत बोलावलं आणि उपीट वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरचा माणूस वही घेऊन रांगेतून फिरला. मला विचारलं, “लांबी?” मी म्हटलं सात मीटर. त्याने मागे जाऊन गाडीला लावलेल्या सायकलच्या स्टँडकडे बघितलं आणि वहीत काहीतरी खोडलं. बोट आली, भरली, शेवटी डेकवर चार मीटरची फट उरली. रात्री आमच्याकडे उपीट खाऊन गेलेलं जोडपं हात हलवत त्या फटीत शिरलं. आम्ही तिसऱ्या दिवशी निघालो.

फेरीवर जागा गाडीच्या नगावर मिळत नाही, मीटरवर मिळते. त्यातही मोठ्या बोटींवर डेकच्या दोन्ही बाजूंना वरखाली होणारा एक माळा असतो. तो खाली आणला की लहान गाड्या दोन थरांत उभ्या राहतात. पण मोटरहोमची उंची तीन मीटरच्या आसपास, ते त्या माळ्याखाली मावत नाही. त्याला मधल्याच रांगा मिळतात, आणि त्याच रांगा ट्रकना हव्या असतात. म्हणजे तुमची स्पर्धा कारवाल्यांशी नसून बेटावरच्या दुकानांचं दूध-भाजी आणणाऱ्या मालगाड्यांशी आहे. ती तुम्ही हरणार, आणि हरायलाच हवी.

यात आणखी एक पीळ आहे. २००८ साली या बेटांवर प्रयोग म्हणून फेरीचं भाडं तेवढ्याच अंतराच्या रस्त्याच्या खर्चाशी जोडलं गेलं आणि ते चांगलंच उतरलं. २०१५पर्यंत ही पद्धत पश्चिमेकडच्या सगळ्या मार्गांवर आली. बेटांवर माणसं आली, पैसा आला, आणि आमच्यासारखी मोटरहोमंही आली. बोटी मात्र म्हाताऱ्या होत गेल्या. ग्लेन सॅनॉक्स नावाच्या बोटीचं कंत्राट २०१५ साली दिलं गेलं, ती २०१८ला यायची होती. प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५मध्ये. मधल्या काळात जुनी बोट बिघडली की दुसऱ्या मार्गाची बोट तिकडे पाठवायची, मग त्या मार्गावर बोंब. ही सगळी सेवा कॅलमॅक या सरकारी मालकीच्या कंपनीकडे आहे आणि तिला शिव्या घालणं हा बेटांवरचा आवडता उद्योग आहे. आपल्याकडे एस.टी.ला घालतात तसा. आणि एस.टी.सारखाच, तिच्यावाचून कुणाचंही चालत नाही.

म्हणून एक विनंती. लोक काय करतात, तीन-चार दिवसांच्या जागा धरून ठेवतात, ‘बघू कसं जमतंय’ म्हणून. बेटावरच्या एखाद्या आजींना मोठ्या इस्पितळात जायचं असतं आणि त्यांच्या गाडीला जागा नसते, कारण ती कुणीतरी बघू म्हणून अडवलेली असते. बेत बदलला तर त्या मिनिटाला फोनवरून जागा सोडून द्या.

आता गाडी. सहा बर्थ म्हणजे सहा माणसं झोपतात. सहा माणसं उठून वावरतात असा त्याचा अर्थ नाही. त्यातला एक पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर, शिडीने चढायचा, तो मुलीचा ठरलेला. दुसरा जेवणाच्या टेबलाचा, रोज रात्री टेबल खाली करून गाद्या जुळवायच्या. तुमचे वडील पहाटे पाचला उठून चहा मागणाऱ्यांतले असतील (माझे होते), तर टेबलावर झोपलेला माणूस उठेपर्यंत चहाला बसायची जागा नाही. जूनमध्ये तिकडे साडेचारलाच उजाडतं. रात्री साडेदहापर्यंत सूर्य असतो. चौथ्या दिवशी घरात कोण कोणाशी बोलत नाही, ते बघा. आणखी एक, बर्थ किती यापेक्षा सीटबेल्ट असलेल्या सीट किती हे विचारा. हे दोन आकडे दर वेळी सारखे नसतात.

माझे सासू-सासरे येतात तेव्हा मी वेगळंच करतो. सहा मीटरच्या आतली व्हॅन, त्यात मी आणि मुलगा. ही तिच्या आई-वडिलांना घेऊन आमच्या कारने. ते रात्री गेस्ट हाउसमध्ये झोपतात, दिवसभर व्हॅनच्या अंगणात असतात. खर्च वाढतो, पण उन्हाळ्यात मोठ्या मोटरहोमचं रोजचं भाडंही काही कमी नसतं, शंभर-दीडशे पौंड सहज जातात. आणि बोट रद्द झाली की दुसऱ्या दिवशी कार आधी जाते, व्हॅन मागून येते. म्हाताऱ्यांचे हाल होत नाहीत. गेस्ट हाउस मात्र महिनोन् महिने आधी धरा, बेटांवर ती मोजकीच आहेत. दोन गाड्या नकोच असतील, तर सरळ सात सीटची कार आणि एक घर भाड्याने. मोटरहोमचा हट्ट पाच जणांत करू नका.

तुमच्याकडे भारतीय परवाना असेल तर तो या देशात राहायला आल्यापासून वर्षभर चालतो आणि साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला चालतो. पण भाड्याने देणारे आणि विमावाले आपापल्या अटी घालतात, वयाची वरची मर्यादासुद्धा. विमा वाचताना छताचं बघा. झाडाच्या फांदीने किंवा ठेंगण्या कमानीने छत फाटलं तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. आणि गाडी रेडिंगहून नेऊ नका. ओबान गाठायलाच दोन दिवस जातात. ग्लासगोला रेल्वेने जा, तिथून घ्या.

आता मार्ग. सहा फेऱ्यांच्या जागी दोन करा. ग्लासगोहून इन्व्हर्नेसवरून अलापूल, तिथून अडीच-पावणेतीन तासांची बोट, स्टॉर्नोवे. लुईस आणि हॅरिस ही नावाने दोन बेटं, प्रत्यक्षात एकच जमीन. तिथे सात-आठ रात्री आरामात काढा. मग हॅरिसच्या टार्बर्टहून पावणेदोन तासांत स्काय बेटावरच्या ऊइगला या. स्कायवरून परतायला फेरी लागत नाही, १९९५पासून पूल आहे, आणि २००४पासून त्यावर टोलही नाही. ओबानहून बारा बेटाला जाणारी बोट पावणेपाच तासांची आहे. मलच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडली की थेट उघडा समुद्र. बोट लागणाऱ्या बाईला त्यात बसवू नका.

बारा बेट सुटलं याचं वाईट वाटेल. तिथल्या विमानतळाची धावपट्टी म्हणजे पुळण आहे, ओहोटी पाहून नियमित विमानं उतरतात. एरिस्केच्या सामुद्रधुनीत १९४१ साली एस. एस. पॉलिटिशियन नावाचं जहाज व्हिस्की भरून खडकावर चढलं आणि बेटकऱ्यांनी बाटल्या उतरवून कुठेकुठे पुरल्या. पण ते पुढच्या खेपेला, दोघंच जाल तेव्हा.

एक मात्र याच खेपेला करा. हॅरिसच्या दक्षिण टोकाला लेव्हरबरा आहे. तिथून बर्नरेला जाणारी छोटी फेरी सरळ जात नाही. सामुद्रधुनीत इतके खडक आहेत, की खांबांच्या खुणा धरत ती नागमोडी वळत जाते. तासभर लागतो. डेकवर उभं राहिलं की वाटतं, हा माणूस आता खडकावर घालणार, आणि तो अलगद वळवतो. व्हॅन लेव्हरबऱ्यालाच ठेवा आणि पायी चढा. पायी माणसाला लांबी विचारत नाहीत. पलीकडे उतरून पुळणीवर फिरा आणि शेवटच्या बोटीच्या आधीच्या बोटीने परत या. शेवटची नको, ओहोटी आणि अंधाराचं गणित असतं.

बोटीवर गाडी चढवताना गॅस बंद, आणि तो शेगडीशी नव्हे, सिलिंडरवरच. बरेच फ्रिज गॅस बंद केल्यावर इंजिन चालू असेपर्यंतच थंड राहतात. बोटीत इंजिन बंद, म्हणून दार उघडू नका, तीन तास निभतं. सायकल स्टँडसकट लांबी मोजून तीच बुकिंगमध्ये टाका. ओहोटी असेल तर उतरण तीव्र होते आणि मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा गाडीचा भाग रॅम्पला घासतो. अगदी सावकाश जा, डेकवरचा माणूस तिरकं घ्यायला सांगेल तर निमूट घ्या. तो म्हणतो ‘अजून ये’ म्हणजे अजून ये. तुमच्या आरशात जागा दिसत नाही, त्याला दिसते.

आणि कपाटांच्या कड्या. पहिल्या वर्षी उतरणीवर वरच्या कपाटाचं दार उघडलं आणि मसाल्याचा डबा खाली आला. स्टीलचा, सात वाट्यांचा, आईने दिलेला. हळद भाड्याच्या गाडीच्या फिक्या करड्या गालिच्यावर. आपण पुसायला गेलो की हळद आणखी पसरते, हे तुम्हाला सांगायला नको. डिपॉझिटमधून बरीच रक्कम गेली. तेव्हापासून मसाले फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत आणि बाटल्या सिंकमध्ये, टॉवेल कोंबून.

खाण्याची चिंता करू नका. मोठ्या बोटींवर मॅकरोनी चीज मिळतं, बटाटे मिळतात, बाकी गाडीत करायचं. कुकर न्या, छोटा. फोडणी मात्र खिडकी उघडून आणि पंखा लावून, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि अख्खी कॅम्पसाइट तुमच्याकडे बघते. तळण नको. खोबऱ्याची चटणी, मेतकूट, भाजणी हे सांगलीहूनच मागवा, तुमच्या आई तसंही आणणारच. स्टॉर्नोवेत मोठी दुकानं आहेत, हॅरिसमध्ये लहान आहेत.

रविवार जपा. लुईस आणि हॅरिसवर रविवार कडक पाळला जातो. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुरू झाली तीच मुळी जुलै २००९मध्ये, विरोध आणि निदर्शनांसह. तिथलं मोठं सुपरमार्केट रविवारी उघडायला लागलं नोव्हेंबर २०२४मध्ये. तरी खेड्यांत पंप, हॉटेल, सगळं बंद धरून चाला. शनिवारी डिझेल आणि पाणी भरा, आणि रविवारी कॅम्पसाइटवर कपडे वाळत घालू नका. कुणी बोलणार नाही, पण दिसतं.

आता तो विषय, जो तुम्ही लिहिला नाही पण मनात आहे. मोटरहोममधलं शौचालय म्हणजे खाली सरकणारी एक पेटी, अठरा-वीस लिटरची. कागद वापरणाऱ्या दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. आपण पाणी वापरणार, पाच जण असलो तर एका दिवसात भरते. उपाय साधा आहे: तांब्या नको, पिचकारीची बाटली ठेवा. आणि सकाळचं शक्यतो कॅम्पसाइटच्या शौचालयात. पेटी ठरलेल्या जागीच रिकामी करायची, दुसरीकडे कुठेही नाही. धक्क्यावर जायच्या आधी ती रिकामी करा, पाण्याची टाकी आणि डिझेल निदान अर्धं भरलेलं ठेवा. कारण बोट गेली नाही तर तुमचं घर तिथेच आहे. लॉखमॅडीला आम्ही ते दोन दिवस रडलो नाही, ते एवढ्याचसाठी. पेटी रिकामी होती, तांदूळ होते, आणि बाहेर वारा घोंघावत असताना आत खिचडीचा कुकर लागला होता.

गाडी कुठेही लावून झोपायची परवानगी आहे, असं ऐकलं असेल. ते अर्धवट आहे. २००३च्या स्कॉटलंडच्या कायद्याने सगळ्यांना रानोमाळ फिरायचा हक्क दिला, पण तो पायी किंवा सायकलवरच्या माणसाला, मोटरगाडीला नाही. समुद्राकाठचं फुलांचं कुरण मऊ असतं, त्यावर चाक गेलं की वर्षभर वण राहतो. शिवाय पुढच्या चाकांवर चालणारी जड गाडी ओल्या गवतात रुतली की ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडावं लागतं. एकपदरी रस्त्यांची भीती मात्र तुम्हाला वाटणार नाही. कोकणात एस.टी. समोरून आली की मागे घ्यायची सवय असलेल्या माणसाला तिकडे काय कठीण? पासिंग प्लेस डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्या बाजूलाच थांबा, हात वर करा. तिथे मुक्काम नाही, चहासुद्धा नाही.

परतीचं सांगायचं राहिलं. शेवटची बोट गाडी परत करायच्या दिवशी कधीच ठेवू नका. मध्ये दोन दिवस मोकळे सोडा. बोट वेळेवर गेली तर ते दोन दिवस स्कायवर घालवा, नाही गेली तर ते धक्क्यावर जातील. आई-बाबांचं भारतात परतायचं विमान त्यानंतर आठवडाभराने असेल असं बघा.

आणि आईंची गोळी. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसवा, जिथे हेलकावा कमी असतो. नजर क्षितिजावर, पोट अर्धं भरलेलं. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर बोट लागण्याची गोळी आधी डॉक्टरांना विचारूनच. त्यातल्या काही गोळ्या दीड-दोन तास आधी घ्याव्या लागतात. नेमकी पंचाईत तिथेच आहे. मोठ्या बोटीला अर्धा-पाऊण तास आधी रांगेत लागायचं, म्हणजे गोळी त्याच्याही आधी, बोट निघणार की नाही हे नक्की कळायच्या आत. एका वर्षी सासूबाईंनी टार्बर्टला गोळी घेतली, वीस मिनिटांनी फेरी रद्द झाल्याचा संदेश आला. त्या व्हॅनमध्ये मागच्या पलंगावर आडव्या झाल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. जाग आल्यावर खिडकीतून बाहेर बघितलं. तोच धक्का, तीच टेकडी. म्हणाल्या, “अगदीच शांत होता हो समुद्र. कळलंसुद्धा नाही कधी पोचलो.”